‘इव्हँगेलियन’ पहिल्यांदा बघताय? हिदेआकी आन्नोचं मन त्यात कसं वाचायचं, पायरीपायरीने

‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ या हिदेआकी आन्नोच्या जपानी ॲनिमेशन मालिकेबद्दल दोन वाक्यं तुमच्या कानावर नक्की आली असतील. एक, ‘रोबोटची सीरिज आहे’. दुसरं, ‘दिग्दर्शकाला डिप्रेशन होतं, ते सगळं त्याने यात ओतलंय’. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही नवख्या माणसाला फसवतात. पहिल्यावर विसंबून बसलेला माणूस सोळाव्या भागापाशी वैतागून उठतो. दुसऱ्यावर विसंबलेला पहिल्या भागापासूनच प्रत्येक फ्रेममध्ये आजाराची लक्षणं शोधायला लागतो आणि समोरची गोष्ट बघायची राहूनच जाते.

ओळखीच्या मंडळींना ही सीरिज दाखवायचा उद्योग मी बरीच वर्षं करतो आहे. कोण कुठे अडकतं हे आता पाठ झालंय, म्हणून हा लेख. पहिल्या चार पायऱ्या सीरिज सुरू करण्याआधी बिनधास्त वाचा, त्यात कथेचे धागे उघड केलेले नाहीत. पाचवीपासून पुढे सगळं उघड आहे. त्यामुळे तिथे थांबा, बघून या, मग पुढे वाचा.

काय काय लागेल

- वेळ. मूळ मालिका २६ भागांची, प्रत्येक भाग चोवीसेक मिनिटांचा, म्हणजे दहा तासांच्या वर. १९९७चा चित्रपट दीड तासाचा. त्यानंतरचे चार चित्रपट मिळून साडेसात-आठ तास.
- नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉन प्राइम. मालिका आणि १९९७चा चित्रपट जून २०१९मध्ये नेटफ्लिक्सवर आले, नंतरचे चार चित्रपट ऑगस्ट २०२१मध्ये प्राइमवर. हक्क इकडचे तिकडे होत असतात, म्हणून वर्गणी भरण्याआधी शोधून खात्री करा.
- जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल्स. नायक शिंजीचा आवाज ओगाता मेगुमी या अभिनेत्रीचा आहे. त्या आवाजातलं अडखळणं आणि मध्येच तुटणारा श्वास हा कथेचाच भाग आहे, त्यामुळे डबिंग दुसऱ्या वेळेसाठी ठेवा.
- हेडफोन. या कथेत जपानमध्ये बारा महिने उन्हाळा आहे आणि जवळजवळ प्रत्येक शांत प्रसंगामागे रातकिड्यांसारखी एक किरकिर चालू असते. ती सिकाडा नावाच्या किड्यांची. फोनच्या स्पीकरवर ती ऐकूच येत नाही.
- एक वही. कशासाठी, ते चौथ्या पायरीत.
- आन्नोने १७ जुलै १९९५ या तारखेने लिहिलेलं छोटं टिपण. सादामोतो योशियुकी यांच्या इव्हँगेलियन मांगाच्या (जपानी चित्रकथेच्या) पहिल्या खंडात ते छापलं होतं, इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. पानभराचंच आहे.

१. क्रम आधी ठरवून टाका

मालिका १ ते २६, मग ‘द एंड ऑफ इव्हँगेलियन’ (१९९७), मग मोठी विश्रांती, मग २००७ ते २०२१मधले चार चित्रपट. एवढंच.

मार्च १९९७मधला ‘डेथ अँड रिबर्थ’ सोडून द्या. त्याचा पहिला भाग मालिकेचीच उजळणी आहे आणि दुसरा भाग नंतरच्या चित्रपटाचा अर्धवट तुकडा. नेटफ्लिक्सवर यातली उजळणी वेगळ्या नावाने दिसते आणि लोक नकळत तिथून सुरुवात करतात. २१ ते २४ या भागांच्या नंतर वाढवलेल्या आवृत्त्याही आहेत. जी मिळेल ती बघा, त्यावरून रात्री जागवू नका.

सगळ्यात जास्त लोक घसरतात ते ‘नवे चित्रपट चकचकीत आहेत, तिथूनच सुरू करू’ या मोहाने. तसं केलंत तर पस्तिशीतल्या माणसाचं काम आणि साठीला टेकलेल्या माणसाचं काम यातला फरक तुम्हाला दिसणारच नाही. आपला विषयच तो फरक आहे.

२. आन्नोबद्दल सुरुवातीला एवढंच माहीत असू द्या

हिदेआकी आन्नोचा जन्म १९६०चा, यामागुची प्रांतातल्या उबे या औद्योगिक शहरातला. ओसाकात कलाशिक्षण घेताना मित्रांबरोबर त्याने विज्ञानकथा संमेलनांसाठी छोट्या ॲनिमेशन फिती केल्या. त्याच टोळक्यातून १९८४मध्ये गायनॅक्स ही कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी आलेल्या दिग्दर्शक मियाझाकींच्या ‘नाउसिका’ या चित्रपटात वितळत चालत येणारा महाकाय योद्धा आहे, तो प्रसंग तेवीस वर्षांच्या आन्नोने काढलेला. हे मुद्दाम सांगतोय, कारण कोसळत असतानाही चालत राहणारं प्रचंड शरीर हे चित्र त्याच्याकडे आजाराच्या कितीतरी आधीपासून होतं.

१९८८मध्ये ‘गनबस्टर’, मग १९९०-९१मध्ये एनएचके वाहिनीसाठी ‘नादिया’ ही ३९ भागांची मालिका. ती संपली आणि आन्नोचं चाक रुतलं. गायनॅक्सने ‘अओकी उरू’ नावाचा एक मोठा चित्रपट हाती घेतला होता, तो पैशांअभावी १९९३मध्ये गुंडाळावा लागला. वर उल्लेख केलेल्या टिपणात आन्नो स्वतःबद्दल लिहितो की चार वर्षं आपण काहीही करू शकलो नाही, पळत राहिलो, फक्त मेलो नव्हतो इतकंच. आणि मग ‘पळून चालणार नाही’ हा एक विचार घेऊन हे काम सुरू केलं. आपल्यातलं सगळं यात घालायचा प्रयत्न केला आहे, असंही तो म्हणतो.

मालिका ४ ऑक्टोबर १९९५ला टीव्ही टोकियोवर सुरू झाली आणि २७ मार्च १९९६ला संपली. १९९५ हे जपानसाठी वाईट वर्ष होतं. जानेवारीत कोबेचा भूकंप झाला, त्यात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. मार्चमध्ये ओम शिनरिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला. एका माणसाची खासगी पडझड त्याच वर्षी देशाच्या पडझडीशी जुळली, हे मालिकेच्या लोकप्रियतेचं एक कारण आहे.

याहून जास्त आत्ता वाचू नका. मुलाखतींची खाण आहे आणि ती तुम्हाला पहिल्या भागापर्यंत पोहोचूच देणार नाही.

३. पहिले पंधरा भाग रोबोटची गोष्ट म्हणूनच बघा

चौदा वर्षांचा शिंजी इकारी वडिलांचं बोलावणं आल्यामुळे तोक्यो-३ या शहरात येतो. वडील, गेंडो, ‘नर्व्ह’ या संस्थेचे प्रमुख. कित्येक वर्षांनी मुलगा समोर आलाय आणि बापाचं पहिलं काम म्हणजे त्याला एका राक्षसी यंत्रात बसवून ‘एंजल’ नावाच्या शत्रूशी लढायला पाठवणं. इतकं कळलं की पुरे.

इथला सापळा म्हणजे क्रॉस, काबालाचा (ज्यू गूढविद्येचा) वृक्ष, ‘डेड सी स्क्रोल्स’ ही प्राचीन हस्तलिखितं वगैरे. या खुणांवरून लोकांनी केवढाले सिद्धांत रचलेत. सहायक दिग्दर्शक त्सुरुमाकी काझुया यांनी नंतर सरळ सांगितलं की जपानमध्ये ख्रिस्ती धर्म फारसा परिचयाचा नाही, त्यामुळे त्या खुणा गूढ वाटतात आणि इतर रोबोट मालिकांपेक्षा आपलं वेगळं दिसतं, म्हणून त्या घेतल्या. आन्नोच्या मनाचा पत्ता तिकडे नाही. तो सापडतो शिंजी जिच्याकडे राहतो त्या मिसातोच्या घरातल्या बिअरच्या रिकाम्या डब्यांच्या ढिगात.

आणि लक्षात असू द्या, नायक चौदाचे असले तरी हे लहान मुलांचं नाही. घरातल्या पाचवीतल्या भावंडाला शेजारी घेऊन बसू नका.

४. वहीत या चार गोष्टींची नोंद ठेवा

ही पायरी लोकांना शाळेतल्यासारखी वाटते. पण माझ्या अनुभवात निम्मा गोंधळ इथेच मिटतो. भाग क्रमांक आणि एक ओळ, बस्स.

*रेल्वेचा डबा.* शिंजी डब्यात कधी बसलेला दिसतो? तो खरा डबा आहे की मनातला? समोर कोण बसलंय?

*‘पळून चालणार नाही’ हे वाक्य.* आत्ताच पाहिलंत की हे आन्नोच्या टिपणातलं वाक्य आहे. शिंजी ते पुटपुटतो तेव्हा त्याने काय होतं? बळ येतं, की तो स्वतःलाच धमकावतोय?

*चित्र थांबतं त्या जागा.* काही प्रसंगांत पडद्यावर काहीही हलत नाही. किती वेळ थांबलंय ते मनात मोजा आणि त्या वेळात तुम्हाला काय वाटलं ते लिहा.

*एकमेकांना स्पर्श करायचे प्रयत्न.* हात पुढे येतो आणि मागे जातो, दार अर्धं उघडतं, फोन वाजून बंद होतो. थंडीत जवळ आलेल्या आणि एकमेकांचे काटे टोचलेल्या साळिंदरांचा शोपेनहाउअरचा दाखला सुरुवातीच्या भागांत पात्रांच्याच तोंडी येतो. पुढची सगळी नाती त्यावरच बेतलेली आहेत.

चौथ्या भागापाशी जरा रेंगाळा. त्यात एकही शत्रू नाही, लढाई नाही. शिंजी पळून जातो, गाडीत बसून राहतो, भटकतो आणि परत येतो. रोबोट मालिकेत चौथ्याच आठवड्याला आख्खा भाग एका मुलाच्या नुसत्या भटकण्यावर घालवणं हे धाडसच म्हणायचं. हा भाग तुम्हाला कंटाळवाणा वाटला तर हरकत नाही, पण पुढे ढकलू नका.

आता जा आणि मालिका बघा.

५. ‘शिंजी म्हणजे आन्नो’ असं समीकरण मांडू नका

सव्वीस भाग बघून आलात? तर मग सगळ्यात मोठ्या सापळ्याबद्दल बोलू. शिंजी घाबरट, आन्नो खचलेला, म्हणून शिंजी म्हणजे आन्नो, झालं काम! हे अर्धवट आहे. आन्नोने स्वतःला एका पात्रात घातलेलं नाही, वाटून टाकलंय.

आसुका बघा. तिचं सगळं अस्तित्व ‘मी सर्वोत्तम आहे’ यावर टेकलेलं आहे आणि हातातून काम निसटायला लागल्यावर ती माणूस म्हणूनच कोसळते. लहानपणापासून ‘हा काय भन्नाट काढतो!’ असं ऐकत मोठा झालेला आणि मग चार वर्षं हात थांबलेला चित्रकार दुसरा कुणाच्या रूपात येईल? मिसातो दिवसभर हसतखेळत लोकांना हुकूम सोडते आणि घरी पसाऱ्यात बसून पिते. वडिलांवरचा राग आणि वडिलांसारखाच पुरुष शोधणं, या दोन्हींत ती अडकलेली आहे. रेईला स्वतःला काही हवं आहे का, हेच ठाऊक नाही. चौदाव्या भागातलं तिचं स्वगत पुन्हा ऐका, ‘मी कोण’ या प्रश्नाभोवती ते नुसतं फिरत राहतं.

आणि गेंडो. पहिल्या वेळी हा माणूस सरळसरळ खलनायक वाटतो. काळा चष्मा, हातमोजे, तोंडासमोर जुळवलेले पंजे. आत्ता तसाच वाटू द्या. त्याच्याकडे आठव्या पायरीत यायचंच आहे.

म्हणून वहीत ‘हा प्रसंग आन्नोच्या आयुष्यातला कुठला?’ असं लिहू नका. ‘हा माणूस कशापासून पळतोय?’ असं लिहा. प्रत्येक पात्राचं उत्तर वेगळं निघतं आणि सगळी उत्तरं शेजारी मांडली की एका माणसाच्या मनातला वाद ऐकू यायला लागतो.

६. सोळाव्या भागापासून मालिका कशी बदलते ते पाहा, शेवटचे दोन भाग दोनदा पाहा

सोळाव्या भागात शिंजी एका काळ्या पोकळीत गिळला जातो आणि तिथे लढाई होतच नाही. डब्यात समोर दुसरा शिंजी बसलेला असतो आणि दोघे बोलतात. इथून कॅमेरा आत वळतो तो वळतोच. बाविसाव्या भागात आसुका आणि रेई लिफ्टमध्ये उभ्या आहेत. जवळजवळ मिनिटभर काहीही हलत नाही, फक्त लिफ्टचा आवाज. चोविसाव्यात यंत्राच्या मुठीत काओरू आहे, बेथोवनची नववी सिंफनी चालू आहे आणि चित्र पुन्हा मिनिटभर गोठलेलं. शिंजीला निर्णय घेता येत नाही, तेवढा वेळ आपल्यालाही सुटका नाही.

आता २५ आणि २६. इथे रोबोट नाहीत, शत्रू नाही, शहर नाही. अंधारात दिव्याच्या झोतात खुर्च्या, त्यावर पात्रं, आणि पडद्यावर प्रश्न. मग फोटो, संहितेची पानं, रंग न भरलेली रेखाटनं. एका जागी तर शिंजी कोऱ्या कागदावर नुसत्या रेषांचा उरतो. शेवटी सगळे गोल उभे राहून टाळ्या वाजवतात, ‘अभिनंदन!’ म्हणतात, आणि अक्षरं येतात: वडिलांना धन्यवाद, आईला निरोप, आणि सगळ्या मुलांना अभिनंदन.

‘पैसे संपले म्हणून असा शेवट केला’ हे तुम्ही शंभर ठिकाणी वाचाल. निर्मितीचं वेळापत्रक कोलमडलेलं होतं, यात शंका नाही. पण वेळ नसल्यावर बहुतेक दिग्दर्शक जुनी दृश्यं जोडून लढाई कशीबशी उरकतात. आन्नोने लढाईच टाकून दिली आणि आपण कागदावर रेघा ओढतो आहोत हे उघड दाखवलं. अडचण बाहेरून आली होती, तिचं काय करायचं हे त्याने स्वतः ठरवलं. माझ्या मते सव्वीसावा भाग हा मालिकेतला सगळ्यात प्रामाणिक अर्धा तास आहे. अनेक चाहत्यांना आजही तो फसवणूक वाटतो. तुम्ही दोनदा बघा आणि ठरवा. पहिल्यांदा गोष्टीचा शेवट म्हणून. दुसऱ्यांदा, जुलै १९९५मधल्या त्या टिपणाला दिलेलं उत्तर म्हणून.

एक बारकावा दुसऱ्या वेळी हमखास दिसेल. ‘पळून चालणार नाही’ हे पहिल्या भागापासूनचं घोषवाक्य शेवटी उपयोगी पडत नाही. शिंजीला तिथून पुढे नेतं ते वेगळंच काहीतरी: मी स्वतःचा तिरस्कार करतो, पण कदाचित स्वतःला आवडूही शकेन, इथे असणं मला चालेल.

७. ‘द एंड ऑफ इव्हँगेलियन’: आधी हे वाचा, मग बघा

हा चित्रपट १९ जुलै १९९७चा. त्याचे दोन भाग आहेत आणि मालिकेतल्या पंचविसाव्या-सव्विसाव्या भागांचीच ती दुसरी रूपं आहेत. मालिकेत जे मनाच्या आत घडलं, ते बाहेर काय भावाने पडलं ते इथे दिसतं.

आधी सूचना. यात हिंसा भरपूर आहे, मनाने कोसळलेल्या माणसांची उघडीवाघडी दृश्यं आहेत आणि पहिल्याच प्रसंगात इस्पितळातल्या खोलीत शिंजी जे करतो ते मुद्दाम किळस यावी असं दाखवलं आहे. तुमचे स्वतःचे दिवस सध्या बरे नसतील, झोप उडालेली असेल, नको ते विचार येत असतील, तर हा चित्रपट पुढे ढकला. तो कुठे जात नाही. आणि बोलायला कुणी हवं असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

बघताना दुसऱ्या भागातल्या एका जागेवर डोळे ठेवा. ॲनिमेशन अचानक थांबतं आणि खऱ्या माणसांची चित्रफीत सुरू होते: रस्ते, गर्दी, आणि चित्रपटगृहात बसलेले प्रेक्षक. मालिकेच्या शेवटानंतर चाहत्यांकडून आलेले संदेशही झरझर पडद्यावरून जातात, त्यात कौतुक आहे आणि विषही आहे. पडद्यातून बाहेर बोट दाखवून दिग्दर्शक विचारतोय की तुम्ही इथे काय शोधायला आला होता. यात राग आहे. पण तो चाहत्यांवर जेवढा, तेवढाच स्वतःवर आहे, कारण ॲनिमेच्या जगात लपून बसणारा पहिला माणूस आन्नोच होता.

शेवट समुद्रकिनाऱ्यावर. शिंजी आणि आसुका, आणि तिचं ते कुप्रसिद्ध शेवटचं वाक्य. त्याचा ‘खरा अर्थ’ शोधायला लगेच यूट्यूबवर जाऊ नका. सव्विसाव्या भागातल्या टाळ्या आणि हा किनारा एकमेकांना खोटं पाडतात का, एवढंच स्वतःला विचारा. मला वाटतं नाही पाडत. जगात राहायचं ठरवणं वेगळं आणि राहायला लागल्यावर समोरच्याचे काटे टोचणं वेगळं.

८. मध्ये अंतर जाऊ द्या, मग चार चित्रपट

निदान दोन-तीन महिने. कारण आन्नोच्या आयुष्यातही मधे दहा वर्षं गेली होती. २००२मध्ये त्याचं मांगाकार मोयोको आन्नोशी लग्न झालं. तिने दोघांच्या संसारावर एक विनोदी मांगाही काढली. २००६मध्ये त्याने खारा हा स्वतःचा स्टुडिओ काढला. पहिला चित्रपट २००७चा, दुसरा २००९चा, तिसरा नोव्हेंबर २०१२चा.

पहिला मालिकेचीच वाट धरतो. दुसऱ्यात ती वाट सुटते आणि शिंजी चक्क बेधडक वागायला लागतो. तिसऱ्यात त्या बेधडकपणाची किंमत समोर येते: जग उद्ध्वस्त, चौदा वर्षं उलटलेली, कुणीही त्याच्याशी नीट बोलत नाही. हा तिसरा चित्रपट अनेकांना अर्धवट सोडावासा वाटतो. सोडू नका.

तो प्रदर्शित झाल्यावर आन्नो पुन्हा कोसळला. एप्रिल २०१५मध्ये, ‘शिन गॉडझिला’ची घोषणा होताना, त्याने स्वतःच्या निवेदनात नैराश्याबद्दल उघडपणे लिहिलं. मधल्या काळात मियाझाकींनी त्याला ‘द विंड रायझेस’च्या (२०१३) नायकाचा आवाज द्यायला बोलावलं होतं. ‘शिन गॉडझिला’ २०१६ला आला. इव्हँगेलियनचा शेवटचा चित्रपट मात्र तिसऱ्यानंतर आठ वर्षांहून जास्त काळाने, ८ मार्च २०२१ला.

इथे जरा थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ‘वेदनेतूनच महान कला जन्मते’ हे पालुपद या सीरिजबरोबर फार जोडलं जातं. तारखा बघा. १९९१ ते १९९५ या काळात आजार होता आणि काम नव्हतं. २०१२नंतर आजार परत आला आणि इव्हँगेलियन बंद पडलं. आजाराने आन्नोला दिलं काहीच नाही, त्याचे हात बांधले. काम झालं ते तो उठून बसल्यावर, भोवती त्सुरुमाकी, सादामोतो, संगीतकार सागिसू शिरो अशी माणसं असताना. औषध सोडून किंवा उपचार टाळून ‘माझ्या दुःखातून काहीतरी निघेल’ म्हणणाऱ्या होतकरू लेखक-चित्रकारांनी ही तारखांची रांग भिंतीवर लावून ठेवावी.

शेवटचा चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे आणि त्यातला सुरुवातीचा मोठा तुकडा एका खेड्यात घडतो. शिंजी बोलत नाही, जेवत नाही, कोपऱ्यात पडून असतो. आसुका चिडून त्याच्या तोंडात बळेच घास कोंबते, पण बाकीचे लोक त्याच्या मागे लागत नाहीत. जेवण ठेवतात, आपापल्या कामाला जातात. दुसरीकडे रेईसारखी दिसणारी मुलगी चिखलात उतरून भाताची लावणी शिकते, ‘शुभ सकाळ’ आणि ‘धन्यवाद’ कशाला म्हणतात ते विचारते. नैराश्यातून माणूस बाहेर येतो तो एखाद्या भाषणाने नाही, हे इतक्या संयमाने दाखवलेलं मी दुसऱ्या कुठल्या ॲनिमेत पाहिलेलं नाही. १९९५मधली मिसातो शिंजीला ढकलायची. २०२१मधल्या खेड्यात त्याला वाट पाहणारी माणसं मिळतात.

आणि आता गेंडो. पुन्हा तोच रेल्वेचा डबा, पण या वेळी शिंजीच्या समोर बाप बसलेला आहे आणि तोच बोलतोय. लोकांत जायची भीती, पुस्तकं आणि पियानोत लपणं, कानात इअरफोन घालून जग बंद करणं. शिंजीचा तो कॅसेट प्लेयर मुळात बापाचाच होता. पंचवीस वर्षं ज्याला आपण भिंत समजत होतो तो आतून शिंजीच निघतो. पस्तिशीच्या आन्नोला मुलाच्या बाजूने बोलता आलं, साठीच्या आन्नोला बापाच्या बाजूनेही.

मार्च २०२१मध्ये एनएचकेवर ‘प्रोफेशनल’ या कार्यक्रमात आन्नोवर माहितीपट दाखवला गेला. त्यात त्याच्या वडिलांचा विषय येतो. तरुण वयात अपघातात त्यांचा एक पाय गेला होता आणि जगावर त्यांचा राग होता. काहीतरी उणं असलेल्या, मोडलेल्या गोष्टींची आपल्याला वाटणारी ओढ आन्नो तिथे जोडून दाखवतो. हे ऐकून लगेच ‘गेंडो म्हणजे आन्नोचे वडील’ असं लिहायला धावू नका, पाचवी पायरी इथेही लागू आहे. पण मालिकेतली तुटलेले हात, पट्ट्या बांधलेले डोळे, पाय नसलेली यंत्रं हे सगळं नव्याने बघावंसं वाटेल, हे नक्की.

शेवटाकडे शिंजी किनाऱ्यावर एकटा असताना चित्रातला रंग जातो, मग ते कच्च्या रेषांचं होतं, सव्विसाव्या भागातल्यासारखं. या वेळी मारी, ही नव्या चित्रपटांतली मुलगी, येते आणि रंग परत येतो. मग येतं उबे-शिंकावा स्टेशन आणि त्याच्या बाहेर खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेलं खरं शहर. आन्नोचं गाव.

९. यावर लिहायचं किंवा बोलायचं असेल तर

बघून झालं की पोस्ट लिहायची खुमखुमी येतेच. तेव्हा एवढं पाळा.

- रोगनिदान करू नका. आन्नोने स्वतः जेवढं सांगितलंय तेवढंच ‘त्याला झालं होतं’ म्हणून लिहा. पात्रांना हवी तेवढी लेबलं लावा, ती कागदी आहेत.
- मुलाखतीतलं वाक्य वापरताना वर्ष लिहा. १९९६चा आन्नो आणि २०२१चा आन्नो एकच गोष्ट वेगळ्या सुरात सांगतात.
- सगळं श्रेय-अपश्रेय एकट्यावर ढकलू नका. पात्रांचे चेहरे सादामोतोंचे आहेत, अनेक भागांच्या पटकथांत आणि दिग्दर्शनात इतरांचा हात आहे.
- आत्महत्येच्या विचारांबद्दल आन्नो बोलला आहे. त्याचा तपशील चटपटीत करून मांडायची गरज नसते.

१०. दुसऱ्यांदा बघायचं तर इथून सुरू करा

सगळं पुन्हा बघायला वेळ नसेल तर भाग १, ४, १६, २२ आणि २४ ते २६, मग थेट २०२१चा चित्रपट. पहिल्या भागात गेंडो उंचावर काचेमागे उभा राहून खाली मुलाकडे बघतो, ते दृश्य या वेळी गेंडोच्या बाजूने बघा. पोराला घ्यायला तो स्वतः स्टेशनवर गेला नाही, मिसातोला पाठवलं. पहिल्या वेळी तो उद्दामपणा वाटतो. डब्यातलं त्याचं बोलणं ऐकून परत आलात की तीच काच भीतीपोटी मध्ये घातलेली दिसते. मग वहीतल्या ‘स्पर्श’ या नोंदीखाली त्याचंही नाव लिहून टाका.